शंभरातले बावीस: एका गेमिंग पीसीच्या यादीची उलटतपासणी

भाच्याची यादी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. खाली एकच ओळ होती: "मामा, एकदा नजर टाक, उद्या ऑर्डर करतोय." नजर टाकली आणि झोप उडाली.

ही २०२४च्या उत्तरार्धातली गोष्ट. रकमेचा आकडा मुद्दाम देत नाही. भाव महिन्याला हलतात, आणि प्रत्येकाचा खिसा वेगळा. सगळं बजेट १०० धरू आणि कुठल्या भागावर शंभरातले किती गेले एवढंच बघू. भाच्याच्या यादीत प्रोसेसरला २४ होते, मदरबोर्डला १६, ३२ जीबी रॅमला १२, लिक्विड कूलरला ८, एक टीबीच्या एसएसडीला ८, ग्राफिक्स कार्डाला २२, काचेच्या चमचमत्या कॅबिनेटला ७ आणि पॉवर सप्लायला ३. बेरीज बरोबर १००. त्या यादीचं कौतुक करावं तर तेवढ्यापुरतंच.

मी फोन लावला. "खेळणार काय तू यावर?"

"म्हणजे? सगळंच."

"सगळंच असं काही नसतं. रोज काय, सुट्टीत काय?"

रोज मित्रांबरोबर व्हॅलोरंट. सुट्टीत सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग. शिवाय खेळताना स्ट्रीमिंग, "चार मित्र बघतील तेवढंच". आणि स्क्रीन? "घरातला जुना आहे की." घरातला जुना म्हणजे ६० हर्ट्झचा, ज्यावर त्याचे वडील एक्सेल उघडायचे.

इथेच घोडं अडलं होतं, पण यादीत मॉनिटरचं नावच नसल्यामुळे ते दिसत नव्हतं.

स्क्रीन आधी

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद तसंच राहतं. मागे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला २०० फ्रेम (चित्रं) काढत असलं तरी डोळ्यांपुढे ६०च येतात. (जास्त फ्रेममुळे माउस हलवल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ थोडा घटतो, हे खरं. पण त्यासाठी कोणी अख्खं बजेट ओतत नाही.) १६५ हर्ट्झवर तोच वेळ ६.१ मिलिसेकंदांवर येतो. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये कोपऱ्यातून डोकावणारा माणूस दिसण्यात हाच फरक पडतो. एल्डन रिंग तर पीसीवर मुळातच ६० फ्रेमला बांधलेला आहे, त्याला कितीही मोठं कार्ड दिलं तरी तो हलत नाही.

रिझोल्यूशनचंही ठरवून टाकलं. १०८०पीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४०पीमध्ये ३६.९ लाख. कार्डाचं काम जवळजवळ पावणेदोन पट होतं. या बजेटचं कार्ड १४४०पी ओढेल, पण धापा टाकत. म्हणून १०८०पी, १६५ हर्ट्झ, आयपीएस पॅनल. शंभरातले १६ तिथेच गेले आणि भाचा हबकला. आता उरलेल्या ८४मध्ये सगळा संसार बसवायचा होता.

बावीसचं कार्ड

२२ टक्क्यांत त्याने निवडलेलं कार्ड होतं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. नाव भारदस्त आहे. मेमरी ४ जीबी, तीही ६४ बिटच्या अरुंद रस्त्यावर. आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआयई या जोडरस्त्याच्या फक्त चार लेन.

या चार लेनचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर लेन किती आहेत याने फार बिघडत नाही. ती भरली की गेम टेक्श्चर मुख्य रॅममधून ओढायला लागतो, आणि मग सगळी वाहतूक त्या लेनमधून होते. पीसीआयई ४.०च्या चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, बोर्ड ३.०चा असेल तर ४. त्याच कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी वाहते. फरक डोळ्यांना दिसतो: गाडी वळणावर घेतली की चित्र क्षणभर अडकतं आणि मग उडी मारतं. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीकठाकच दिसत राहतो, म्हणून नुसते सरासरीचे आकडे पाहणारा फसतो. सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम किती हळू आल्या हे बघावं, ज्याला सगळे 'वन पर्सेंट लो' म्हणतात.

पण मला खरी गंमत पुढे सापडली. या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच, म्हणजे खेळाचं चित्र व्हिडिओत आवळणारा भागच, नाही. हे चिप मुळात लॅपटॉपच्या हिशोबाने बनलं होतं, जिथे ते काम शेजारचा प्रोसेसर करतो. आणि भाच्याला करायचं होतं स्ट्रीमिंग! मी विचारलं, "आठ कोरचा प्रोसेसर का घेतलास?" तो म्हणाला, "स्ट्रीमिंगला कोर जास्त लागतात ना." लागतात, पण एन्कोडिंग प्रोसेसरवर करायची वेळ आली तर. म्हणजे कार्ड असं निवडलं की एन्कोडिंग प्रोसेसरच्या गळ्यात पडावं, आणि मग ते पेलायला महागडा प्रोसेसर घेतला. एका चुकीची भरपाई करायला दुसरी, आणि यादी वरून अगदी तर्कशुद्ध दिसत होती. अशा याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत; प्रत्येक ओळीचं समर्थन करता येतं, एकत्र वाचल्या की हसू येतं.

पर्याय तीन उरले. आरएक्स ६६००: ८ जीबी, आठ लेन, सगळ्यात स्वस्त. आरटीएक्स ४०६०: तेवढीच मेमरी, तेवढ्याच लेन, पण एनव्हीडियाचा एन्कोडर आणि डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सेलांत काढलेलं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं तंत्र. तिसरा पर्याय त्याच्या मित्राने सुचवला होता: वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं.

तिसऱ्यावर आमचा अर्धा तास गेला. १२ जीबी ऐकायला गोड वाटतं, आणि तो आक्षेप खोटा नव्हता. पण १०८०पीवर ४०६० त्याच्या पुढे आहे, आणि वीज ११५ वॉट खातं. ३०६० खातं १७०. शिवाय वापरलेलं कार्ड आधी कुठे राबलं याचा पत्ता लागत नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथीरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, ते चलन कमवायला कार्डं राबवणारी 'खाणकामं' एका दिवसात निरुपयोगी झाली आणि त्यातली बरीच कार्डं पुसूनपासून बाजारात आली. दिवसरात्र राबलेलं प्रत्येक कार्ड खराबच असतं असं नाही. पण घेताना तासभर लोड देऊन, पंखे ऐकून, तापमान बघून घ्यायला अनुभव लागतो. भाच्याचा हा पहिलाच पीसी, आणि मी दुसऱ्या शहरात. कोणाजवळ तपासायची सोय असेल तर मी उलट सल्ला देईन.

६६०० घेतलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. स्ट्रीमिंग नसतं तर मी तेच घ्यायला लावलं असतं. एन्कोडर आणि डीएलएसएस, या दोन गोष्टींसाठी ४०६० ठरलं. २२चे ३६ झाले.

कापाकापी

मॉनिटरचे १६ आणि कार्डाचे वरचे १४, असे ३० कुठून तरी काढायचे होते. इथे मी एक नियम वापरतो: जो भाग पुढे पाच मिनिटांत बदलता किंवा वाढवता येतो, त्यावर आज हात आखडता घ्यावा, ज्यासाठी सगळं उसकटावं लागतं, त्यावर नाही. एसएसडी, रॅम, पंखे पहिल्या गटात. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट दुसऱ्यात. प्रोसेसर मधेच कुठेतरी. (या नियमाने पुढे मला तोंडघशी पाडलं, ते शेवटी येईलच.)

प्रोसेसर त्याने एएमडीचा रायझन ७ ५७००एक्स निवडला होता. चांगला आहे, वाद नाही. पण रायझन ५ ५६०० शेजारी ठेवून बघा: दोन्ही २०२२चे, दोन्हींत ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी), एकाची कमाल गती ४.६ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याची ४.४. आठ कोर विरुद्ध सहा, पण एन्कोडिंग कार्डावर गेल्यावर गेमला त्या जास्तीच्या दोन कोरचं विशेष काही उरत नाही. ५६००च्या खोक्यात पंखाही येतो. दोन्ही चिप ६५ वॉटचे, आणि त्यावर लिक्विड कूलर! "पण मामा, तो दिसतो भारी." दिसतो खरा. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त विचारलं, "आठ टक्के दिसण्याला देऊ की कार्डाला?" दहा सेकंद शांतता, आणि कूलर गेला.

मग त्याने उत्साहाच्या भरात आणखी कापायला सुरुवात केली. "५६००च्या जागी ५५०० घेऊ? तोही सहा कोरचाच आहे." नाही. ५५००मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई ३.०. आठ लेनच्या कार्डाला ३.०वर बसवलं की लेनचं तेच जुनं रडगाणं सुरू, जरा कमी सुरात. नावात शंभराचा फरक आहे, पण आतून ते वेगळं चिप आहे.

प्लॅटफॉर्मवरून मात्र माझंही मन दोन दिवस हललं. एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, २०१७पासूनच्या रायझनचं घर, आता उताराला लागलेलं. एएम५ नवं, नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमवालं. एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही त्याला साथ द्यायचं जाहीर केलेलं. पुढे नुसता प्रोसेसर बदलायचा असेल तर एएम५ शहाणपणाचं, आणि माझ्याच नियमाप्रमाणे मदरबोर्डावर हात आखडता घ्यायचा नव्हता. पण रायझन ५ ७६००, त्याचा बोर्ड आणि डीडीआर५ मिळून दहा-बारा टक्के जास्त जात होते आणि ते फक्त कार्डातून किंवा मॉनिटरमधून निघू शकत होते. तीन वर्षांनंतरच्या सोयीसाठी आजचे फ्रेम गहाण टाकायचे? बजेट १२० असतं तर मी क्षणात एएम५ म्हटलं असतं. १००मध्ये एएम४चाच, बी५५० जातीचा, चार रॅम स्लॉटचा बोर्ड घेतला, ११ टक्क्यांत. वरच्या जातीच्या एक्स५७०चे जास्तीचे पोर्ट त्याला कधीच लागले नसते.

रॅम ३२वरून १६वर आणली, ८-८च्या दोन स्टिक. एक १६ची स्टिक घेऊ नये, कारण दोन स्टिक असल्या की दोन वाटांनी डेटा जातो. उरलेले दोन स्लॉट पुढच्या वर्षासाठी. एसएसडी एक टीबी, थेट बोर्डावर खोचायची साधी एनव्हीएमई. सेकंदाला सात हजार एमबीवालीच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. गेम उघडताना फरक कळतही नाही.

तीन टक्क्यांचा पॉवर सप्लाय

इथे माझा आवाज जरा चढला, आणि त्याला कारण आहे.

माझ्या पहिल्या पीसीत कॅबिनेटबरोबर फुकट आलेला पॉवर सप्लाय होता. बाहेर मोठ्या अक्षरात ५०० वॉट. गेम सुरू केला की वीसेक मिनिटांनी मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. मी दोन आठवडे रॅमला शिव्या घातल्या. स्टिक काढून खोडरबराने घासल्या, विंडोज दोनदा टाकलं, कार्डाचा ड्रायव्हर तीनदा. शेवटी एका रात्री टॉर्च घेऊन पॉवर सप्लायच्या कडेचं बारीक स्टिकर वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ ॲम्पिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. बाकीचे वॉट ज्या रेषांवर दाखवले होते तिथे माझ्या मशीनला काडीचंही काम नव्हतं.

तेव्हापासून मी खोक्यावरचा आकडा बघतच नाही, स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना बघतो. भाच्याच्या निवडीचा फोटो मागवला. तिथेही ५०० लिहिलेलं आणि रकान्यात २०. त्याच्या मशीनचा हिशोब असा होता: कार्ड ११५, प्रोसेसर कमाल ७६च्या आसपास, पंखे-डिस्क-बोर्ड धरून आणखी पन्नास-साठ. २५० वॉट. म्हणजे १२ व्होल्टवर २४० देणारा तो डबा पहिल्याच दिवसापासून जिवावर उदार होऊन चालला असता. ५५० वॉटचा घेतला, १२ व्होल्टवर ४५ ॲम्पिअर, म्हणजे ५४० वॉट. पुढे मोठं कार्ड आलं तरी चालेल. ८ टक्के गेले. ८० प्लस ब्राँझचा शिक्काही त्यावर होता, पण तो शिक्का विजेची किती नासाडी होते एवढंच सांगतो. आतले भाग कसे आहेत, शॉर्ट झालं तर सप्लाय स्वतः बंद पडतो की बोर्डाला घेऊन जातो, हे त्यातून कळत नाही.

कॅबिनेट ४ टक्क्यांचं, पुढे जाळीचं. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट म्हणजे नाक दाबून पळणं. प्रोसेसर १३वर आला होता, रॅम ५, एसएसडी ७. पुन्हा बेरीज केली, १००. भाच्याने खाली लिहिलं: "लाइट एकही नाही." मी उत्तर दिलं नाही.

जोडणीचा दिवस

व्हिडिओ कॉलवर चार तास. बोर्ड बसला, प्रोसेसर बसला, पंख्याच्या स्क्रूंनी थोडं रडवलं. मी आडवा-तिडवा क्रम लावून घट्ट करायला सांगितले, म्हणजे दाब एका बाजूला पडत नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी.

"मामा, गेलं सगळं."

कॅमेरा मागच्या बाजूला फिरवायला लावला. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयमध्ये खोचलेली. ५६००मध्ये ग्राफिक्सच नाही, त्या छिद्रातून काही येण्याचा प्रश्नच नव्हता. केबल खाली कार्डात लावली आणि चित्र उमटलं. त्याने सुस्कारा टाकला तो मला इथे ऐकू आला.

दुसरी चूक मीच पाहिली नाही. दोन्ही स्टिक त्याने शेजारी-शेजारी लावल्या होत्या, पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन वाटांसाठी प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा हवा. आठवड्याने टास्क मॅनेजरचा फोटो मागितला तेव्हा गती २१३३ दिसली, स्टिकवर ३२०० छापलेलं असताना. स्लॉट बदलले, बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापलेल्या गतीने चालवणारी सोय, चालू केली. व्हॅलोरंटने विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयींचा हट्ट धरला, तेही तिथेच चालू केलं.

आणि तिसरी. महिन्याने फोन: "१६५ हर्ट्झचा फरक काय ते मला तरी काही कळत नाही." विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघायला सांगितलं. ६०. महिनाभर पोरगा शंभरातल्या १६ टक्क्यांवर बसून ६० हर्ट्झ बघत होता! बदललं, माउस गोल फिरवला, आणि पलीकडून एक शिवी आली, आनंदाची.

मग आम्ही एक चाचणी केली. सायबरपंकमध्ये कार्ड ९८ टक्के भरलेलं, प्रोसेसर निम्म्यावर: कार्ड कमी पडतंय, जे अपेक्षित होतं. व्हॅलोरंटमध्ये उलट, कार्ड निवांत. रिझोल्यूशन खाली आणलं तरी फ्रेम वाढेनात, म्हणजे तिथे मर्यादा प्रोसेसरची. पण मॉनिटरच्या १६५पेक्षा फ्रेम बऱ्याच वर होत्या, तेव्हा ती मर्यादा कागदावरच राहिली. ५७००एक्स असता तरी तो फरक डोळ्यांना दिसला नसता.

वर्षानंतर

कार्डाच्या ८ जीबीबद्दल मित्राचा आक्षेप आता अधूनमधून खरा ठरतो. नव्या काही गेममध्ये टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणावं लागतं, नाहीतर तीच अडखळ. मी तेव्हाही ४०६०च म्हटलं असतं, पण मित्राला "नाही" म्हणताना जरा कमी जोरात म्हटलं असतं.

फसलो ते रॅममध्ये. "आज १६ घे, पुढच्या वर्षी १६ टाकू, पाच मिनिटांचं काम." काम पाच मिनिटांचंच आहे. पण २०२५मध्ये मोठ्या उत्पादकांनी डीडीआर४, म्हणजे आमच्या बोर्डाची रॅम, आवरतं घ्यायला सुरुवात केली, एआयच्या सर्व्हरांनी मेमरी गिळायला घेतली, आणि वर्षाच्या शेवटाला रॅमचे भाव दुपटीहून वर गेले. बदलायला सोपं आणि परवडायला सोपं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या नियमात कुठे बसवलेलंच नव्हतं. पाच टक्क्यांची गोष्ट तेव्हाच दहा टक्क्यांत उरकली असती. ते वरचे पाच कुठून काढायचे? कॅबिनेटमधून तर काही निघत नव्हतं. बहुधा मॉनिटर १४४ हर्ट्झचा घ्यायला हवा होता.

पहिला आणि तिसरा स्लॉट अजून रिकामे आहेत. भाचा स्ट्रीमिंग सुरू करण्याआधी ब्राउझरचे सगळे टॅब बंद करतो, आणि कधीकधी मला टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट पाठवतो: मेमरी ९१ टक्के. खाली काही लिहिलेलं नसतं.